मिनिटाला बासष्ट

मेश्राममॅडम जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत. वय पन्नाशीच्या घरात, खांद्याला ऑफिसची जड पर्स, एका हातात भाजीची पिशवी, आणि तरी दोन-दोन. त्यामुळे एका डिसेंबरात त्या पहिल्या मजल्यावर कठडा धरून उभ्या दिसल्या, तेव्हा मीही थांबलो. मी विचारलं, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "काही नाही यार, श्वास घेतला की टोचतंय." मला 'यार' म्हणणारी ती एकच बाई. माझी बायको सुमेधासुद्धा म्हणत नाही.

रंजना मेश्राम दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीत आमच्या समोरच्या दारात राहत. मूळच्या नागपूरच्या, एका मंत्रालयात अवर सचिव. यजमान प्रदीपराव नोएडाच्या एका खासगी कंपनीत. मुलगी बंगळुरूला नोकरीला. मी ऑडिट खात्यातला माणूस. आकडा दिसला की आधी तो बरोबर आहे का, हे बघायची खोड. त्या खोडीमुळेच त्यांच्या आजारपणात माझा थोडा संबंध आला, नाहीतर मी नुसता शेजारी.

त्यांचं पालुपद होतं, "चलो, उरकून टाकू." चहा करणं, इन्कम टॅक्सचं रिटर्न भरणं, कुणाच्या घरी भेटायला जाणं, सगळं उरकून टाकायचं. आपण चहाला नको म्हणेपर्यंत कप हातात आलेला असे. सुमेधा त्यांच्याबरोबर करोल बागेत खरेदीला गेली की दमून परत येई. एकदा ब्लँकेटच्या दुकानात त्या इतक्या वेगाने बोलत होत्या की दुकानदारच हात जोडून म्हणाला, "मैडम, साँस तो ले लीजिए." मॅडम म्हणाल्या, "साँस मैं ऑटो में ले लूँगी, आप डबल बेड वाला दिखाइए." हा किस्सा सुमेधा अजून सांगते. मात्र आता सांगताना शेवटी हसत नाही.

त्यांची आई नागपुरात मुलाकडे राहायची. रोज सकाळी मॅडम पोळ्या लाटताना फोन स्पीकरवर ठेवत, त्यामुळे आईला भेटण्याआधीच आम्ही तिला आवाजाने ओळखत होतो. ती आधी विचारायची, "काय केलं गं आज?" आणि मॅडमनी सांगितलं की म्हणायची, "रंजे, बसून जेवत जा." एका दिवाळीत ती दिल्लीला आली, तेव्हा आम्ही दोन्ही घरं मिळून कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सरकारच्या अतिथिगृहात झुणका-भाकर खायला गेलो. आजीने पहिला घास घेतला, पदर खोचला आणि भाकरी कोण थापतं ते बघायला थेट आत गेली. मॅडम एवढ्या वेगाच्या, पण त्या दिवशी अर्धा तास नुसत्या बसून आईची वाट बघत होत्या. त्यांना कुणाची वाट बघताना मी तेवढंच पाहिलं.

जिन्यावर त्या थांबल्या, त्याच्या आधी पंधरा दिवस त्यांना साधा ताप येऊन गेला होता. दिल्लीच्या त्या हवेत ताप-खोकला कोणाला नसतो? पण दुखणं छातीतून डाव्या खांद्यात चढायला लागलं, तेव्हा प्रदीपराव आणि मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. हार्ट अटॅक नव्हता. हृदयाभोवती एक दोन पदरी आवरण असतं, त्याला सूज आली आहे, त्याला पेरिकार्डायटिस म्हणतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या. काही आठवड्यांत बऱ्या व्हाल म्हणाले. मॅडम गाडीत बसताना म्हणाल्या, "चलो, हेही उरकलं."

ते उरकलं नाही. गोळ्या संपल्या की दुखणं परत यायचं. ठोका पडला की आत कुणीतरी सँडपेपर ओढतंय, असं त्या सांगत. आडवं झालं की जास्त, पुढे वाकलं की जरा कमी. म्हणून डायनिंग टेबलावर दोन उशा रचून, त्यांवर कपाळ टेकवून त्या बसल्या बसल्या झोपत. वर्गात बाकावर डोकं ठेवून झोपलेल्या मुलीसारख्या दिसत. एका सकाळी मी पेपर द्यायला गेलो, तर उशीतूनच आवाज आला.

"पाटणकर, मिनिटाला शंभर, तर दिवसाला किती?"

"एक लाख चव्वेचाळीस हजार."

"एवढ्या वेळा घासतं. आणि डॉक्टर म्हणतात, आराम करा." त्यांनी छातीवर बोट ठेवलं. "आराम मी करायचा की याने?"

मग स्टेरॉइड सुरू झालं. चेहरा सुजला, हात थरथरायला लागले, भूक आवरेना. दुखणं थांबलं, पण ती गोळी हळूहळू कमी करून बंद करायची असते. दहा मिलिग्रॅमच्या खाली आलं की दुखणं पुन्हा दारात हजर. पुन्हा डोस वर, पुन्हा उतरण. असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला रक्ताच्या तपासण्या स्वच्छ आल्या, सोनोग्राफीत काही दिसेना, आणि दुखणं मात्र तसंच. तेव्हा लोकांची नजर बदलली. ऑफिसातले म्हणाले, "मैडम, आप तो बिल्कुल ठीक लग रही हैं." एका डॉक्टरांनी टेन्शन कमी करा म्हणून सांगितलं आणि मनोविकारतज्ज्ञाचं नाव लिहून दिलं. प्रदीपरावांच्या बहिणीने गॅसवरचं चूर्ण पाठवलं.

त्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "पाटणकर, या वेळी रिपोर्ट खराब यावा असं मला वाटत होतं. देवाशपथ नाही म्हणत मी, तुम्हाला माहीत आहे, आमच्यात देव नाही. पण वाटत होतं."  

मुलीने इंटरनेटवर शोधून एक नवे डॉक्टर काढले. गुरुग्रामला बसत, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. त्यांनी तपासलं, सगळे कागद पाहिले आणि पहिलं वाक्य हिंदीत बोलले, "दर्द असली है."  गाडीत बसल्यावर मॅडम रडल्या.

त्या डॉक्टरांनी आधीची औषधं चालू ठेवून नाडी कमी करणारी एक गोळी वाढवली. ती का, हे त्यांनी जसं समजावलं तसं मला अजून आठवतं. सुजलेल्या घोट्यावर माणूस चालत राहिला, तर घोटा बरा होत नाही. घोटा उशीवर टेकवून ठेवता येतो, हृदय तसं ठेवता येत नाही. ते थांबवता येत नसेल, तर निदान हळू चालवू. ठोके कमी, घासणं कमी. ही गोळी सूज उतरवणार नाही, ते काम दुसऱ्या औषधांचं. सगळ्यांना ती चालतेच असंही नाही. रक्तदाब बघत बघत वाढवू. आणि ही गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. जिना बंद, धावपळ बंद. विश्रांतीची नाडी रोज सकाळ-संध्याकाळ मोजून कळवायची. साठ-पासष्टच्या आसपास राहिली तर उत्तम.

मोजायचं काम माझ्याकडे आलं, ते असं. मनगटावर नाडी दाखवणारं घड्याळ होतं, पण मॅडम ते सारखं बघत, आणि बघितलं की नाडी वाढे. म्हणून ते कपाटात गेलं. प्रदीपराव बोटांनी मोजत, पण बायकोला बरं वाटावं म्हणून आकडा उतरवून सांगत. मॅडमनी ते दोन दिवसांत पकडलं. आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "वहिनी, तुमचा नवरा मला सकाळ-संध्याकाळ एकेक मिनिट द्या. माझा दहा कमी सांगतो. तुमचा माणूस स्वतःच्या आईलासुद्धा राउंड फिगर सांगणार नाही."

सुमेधा म्हणाली, "मिनिटच काय, दिवसभर न्या."

मी अर्धं मिनिट मोजून दुप्पट करत नसे. पूर्ण मिनिट मोजायचो. थंडीत त्यांचा हात बर्फासारखा लागे, तोही त्या गोळीचाच परिणाम. उठताना चक्कर यायची. पण आकडा उतरत गेला. अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, चौऱ्याहत्तर. आणि एका सकाळी प्रदीपरावांनी बेल वाजवली. पायात चप्पल नव्हती. "झोपली," ते म्हणाले, "पाटणकर, आडवी झोपली. एका उशीवर." एवढंच सांगून ते परत गेले. जिन्याकडे तोंड करून डोळे पुसत होते, हे मला दाराच्या फटीतून दिसलं.

त्यानंतर त्या घरात नाडीचा कायदा लागू झाला. टीव्हीवरच्या बातम्या बंद. क्रिकेटची मॅच बंद. मोठ्याने हसवणाऱ्या माणसाला प्रवेश नाही, त्यामुळे सुमेधावरही मर्यादा आल्या. मॅडम तो कायदा पाळत, पण आपल्या पद्धतीने. वसाहतीच्या बैठकीत लिफ्टच्या ठेकेदाराला त्या झापत होत्या. मध्येच थांबल्या, स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली आणि डोळे मिटून बसल्या. पंचवीस माणसं गप्प. ठेकेदाराला कळेना, काय चाललं आहे. मिनिटभराने डोळे उघडून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हाँ, तो मैं कह रही थी कि आप झूठ बोल रहे हैं." ठेकेदार म्हणाला, "मैडम, आप पहले की तरह चिल्ला लो, मगर ऐसे मत करो." लिफ्ट त्याच आठवड्यात चालू झाली.

स्टेरॉइडही उतरत होतं. दहाच्या खाली गेलं, साडेसात झालं, पाच झालं, आणि दुखणं आलं नाही. पहिल्यांदाच. डॉक्टर म्हणाले, आणखी काही आठवडे असंच राहिलं तर नागपूरला जायला हरकत नाही. मॅडमनी आईला पाहून दीड वर्ष झालं होतं. फोनवर त्या आईला सांगायच्या, "येते गं, गोळी सुटली की येते." आणि आई म्हणायची, "सावकाश ये. मी कुठे जाते?"

मग एका सोमवारपासून सकाळचा फोन वाजेनासा झाला.

प्रदीपराव मला खाली पार्किंगमध्ये भेटले. सासूबाईंना न्यूमोनिया झाला होता, दवाखान्यात ठेवलं होतं. शुद्धीवर होत्या, बोलत होत्या, पण लक्षण बरं नव्हतं. मेहुण्याचं आणि त्यांचं ठरलं होतं की रंजनाला सांगायचं नाही. आईचा फोन पाण्यात पडला, दुरुस्तीला दिला आहे, असं तिला सांगितलं होतं. "पाचवर आली आहे हो," प्रदीपराव म्हणाले. "इतक्या महिन्यांनी पाचवर आली आहे. आता ऐकलं तर नाडी दीडशेवर जाईल आणि सगळं परत पहिल्यापासून. वहिनींनाही सांगून ठेवा."

मी म्हणालो, "मी होऊन सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"ती तुम्हाला कशाला विचारेल?"

त्या आठवड्यात त्या घरातलं बोलणं ऐकवत नसे. प्रदीपराव उगाच हवेवर बोलत, भाजीवर बोलत. मॅडम भावाला फोन करत, तो म्हणे आई झोपली आहे, आई आंघोळीला गेली आहे. रविवारी सकाळी मी नाडी मोजायला गेलो. प्रदीपराव आत चहा करत होते. मॅडमनी हात पुढे केला. मी बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघायला लागलो.

"पाटणकर, आईचा फोन खरंच बिघडला आहे का?"

मी मोजणं सोडलं नाही, पण मान हलवली. नाही.

"आई आहे का?"

"आहे. दवाखान्यात आहे. न्यूमोनिया आहे. कालपासून शुद्ध नाही म्हणतात."

आत कप खाली ठेवल्याचा आवाज आला. प्रदीपराव दारात येऊन उभे राहिले. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता, ओठ हलत होते. पण माझ्या बोटांखाली ठोके तसेच पडत होते. एक, मग मोकळी जागा, मग दुसरा. मिनिट संपलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"बासष्ट."

"नीट मोजली?"

"पूर्ण मिनिट."

त्यांनी मनगट सोडवून घेतलं. मग प्रदीपरावांकडे वळल्या. आवाज चढला नाही. "बघ. बासष्ट. माझी आई मरते आहे आणि बासष्ट. ती गोळी त्याला पळूच देत नाही, प्रदीप. मग तू कशाला मला सांभाळत होतास? आठवडाभर ती बोलत होती ना? बोलत होती ना रे?"

प्रदीपराव खाली बसले. आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात ही साधी गोष्ट आली नव्हती. ज्या आकड्याला जपण्यासाठी घरभर एवढी शांतता पाळली, तो सांभाळायचं काम गोळी करतच होती. निदान त्या सकाळी तरी तिने केलं. मॅडमना बातमी कळली असती, त्या रडल्या असत्या, आईशी फोनवर बोलल्या असत्या, आणि कदाचित काहीही बिघडलं नसतं. हे 'कदाचित' मला खोडता येत नाही आणि पक्कंही करता येत नाही.

दुपारच्या विमानाने दोघं नागपूरला गेले. आईने डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती गेली. भावाने नंतर सांगितलं, आई शुद्धीत असताना रोज विचारत होती, रंजीची गोळी सुटली का?

परत आल्या तेव्हा त्या प्रदीपरावांच्या हाताला धरून लिफ्टमधून बाहेर पडल्या, पुढे वाकलेल्या. डायनिंग टेबलावर उशा परत आल्या. मी मनगट धरलं तर बोटांना ठोके वेगळे लागेनात. एकशे अठरा. काय झालं ते प्रदीपरावांनी सांगितलं. आईला नेलं त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही मॅडमनी नाडीची गोळी घेतली नव्हती. विसरल्या नव्हत्या. घेतली नव्हती. गुरुग्रामचे डॉक्टर रागावले नाहीत. गोळी पुन्हा सुरू केली, स्टेरॉइड पुन्हा वर नेलं. या खेपेला कशालाच दाद मिळेना. सोनोग्राफीत हृदयाभोवती पाणी दिसलं. ते काढलं, पुन्हा भरलं. गोळी चुकवल्यामुळेच हे झालं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. हा आजार गोळी न चुकवताही असा उलटतो.

शेवटी ते आवरणच काढून टाकायचं ऑपरेशन करायचं ठरलं. मुलगी बंगळुरूला होती, तिकडचे सर्जन त्यात तयार होते, म्हणून तिकडे जायचं ठरलं. ऑपरेशन झालं. त्यानंतर मॅडम अतिदक्षता विभागातून बाहेर आल्या नाहीत. प्रदीपरावांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. मी खुर्चीतून उठलो आणि कुठे जायचं ते न कळून पुन्हा बसलो. समोरच्या दारात आता दुसरं कुटुंब राहतं, चांगली माणसं आहेत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते विमानतळावर. प्रदीपराव सामानाचं बघत होते. मॅडम व्हीलचेअरवर, मांडीवर एक फुगीर बॅग, तिच्यावर दोन्ही हात आणि हातांवर हनुवटी. चेहरा स्टेरॉइडने गोल झालेला, त्यामुळे त्या लहान वाटत होत्या. मला मनात ठेवता येत नाही. मी म्हणालो, "मॅडम, ती गोळी चुकवायला नको होती."

"माहीत आहे."

मला वाटलं, एवढ्यावर त्या थांबतील. त्यांनी एक श्वास घेतला, अर्धाच, पुढचा टोचला असावा.

"तुम्ही नव्हता तिथे मोजायला. मी स्वतः मोजली. बुद्धवंदना चालली होती, आईला उचलायची तयारी झाली होती, आणि मी कोपऱ्यात उभी राहून मोजली. एकशे चौतीस." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खूप दुखलं, पाटणकर. पण आई होती माझी. बासष्टवर कशी पाठवू तिला?"

व्हीलचेअर ढकलणारा माणूस आला. पट्टा लावताना म्हणाला, "मैडम, पीछे टेक लगा लीजिए, आराम से बैठिए." त्या म्हणाल्या, "भैया, पीछे नहीं होता मुझसे. ऐसे ही ले चलो." त्याने मान डोलावली आणि खुर्ची वळवली. काचेच्या दारातून मला त्यांची फक्त पाठ दिसत होती, पुढे वाकलेली, आणि बॅगेवर टेकलेलं डोकं. शेजारून प्रदीपराव एक हात त्या पाठीवर ठेवून चालत होते. तपासणीच्या रांगेत खुर्ची थांबली, पुढे सरकली, पुन्हा थांबली. मग मध्ये माणसं आली.